वॉलबीची पिशवी, उसातले बछडे आणि हेमलकशाचं अनाथालय

प्रश्न : आम्ही शीळफाट्याजवळ राहतो. माझा भाचा ऑस्ट्रेलियात असतो. तो अनाथ वॉलबींच्या एका आश्रयस्थानाला भेट देऊन आला आणि तिथला व्हिडिओ त्याने पाठवला. खुंट्यांना टांगलेल्या कापडी पिशव्या, प्रत्येकीतून डोकावणारं एक तोंड आणि बाटलीने दूध पाजणारी एक बाई. तेव्हापासून माझी मुलगी विचारते आहे, आपल्याकडे असं ठिकाण आहे का आणि आपण तिथे कधी जायचं? आणखी एक. आमच्या सोसायटीतल्या झाडाच्या फांद्या तोडल्या तेव्हा खारीची दोन पिल्लं खाली पडली. आम्ही त्यांना घरात आणून दूध पाजलं, तरी ती वाचली नाहीत. आमचं काय चुकलं?
— एक वाचक, शीळफाटा

उत्तर : आई गमावलेल्या रानटी पिल्लांना सांभाळणारी ठिकाणं आपल्याकडे आहेत आणि त्यातल्या एका ठिकाणी मुलीला घेऊन नक्की जाता येईल. बाकीची बहुतेक ठिकाणं पाहुण्यांसाठी बंद असतात. ती बंद का असतात हे मुलीला कळलं, तर तिने व्हिडिओत जे पाहिलं त्याचा अर्थही तिला लागेल. म्हणून आधी त्या पिशव्यांबद्दल सांगतो.

वॉलबी म्हणजे कांगारूच्याच कुळातला, पण आकाराने लहान प्राणी. आईच्या पोटात पिल्लू जेमतेम महिनाभर असतं. जन्मतं तेव्हा घेवड्याच्या दाण्याएवढं, वजन एक ग्रॅमही नाही, डोळे मिटलेले आणि अंगावर केस नाहीत. तरीही ते पुढच्या इवल्या पायांनी आईच्या केसांना धरून स्वतःच वर चढतं, पोटाच्या पिशवीत शिरतं आणि एक आचळ तोंडात धरतं. आचळाचं टोक तोंडात फुगतं आणि पिल्लू तिथे अडकून राहतं. पुढची खरी वाढ पिशवीतच होते आणि तिला कित्येक महिने लागतात. मोठं पिल्लू बाहेर उड्या मारू लागलेलं असताना पिशवीत नवं आलेलं असू शकतं. अशा वेळी आई एका आचळातून नवजाताला लागणारं पातळ दूध देते आणि दुसऱ्यातून मोठ्याला लागणारं दाट. दोन्ही एकाच वेळी.

ही आई बहुतेकदा रस्त्यावर मरते. वॉलबी संध्याकाळी आणि रात्री चरायला निघतात, गाडीच्या दिव्यांनी भांबावतात. आई गेली तरी पिशवीतलं पिल्लू जिवंत असू शकतं. म्हणून तिथले स्वयंसेवक रस्त्याकडेला मेलेली मादी दिसली की थांबतात आणि पिशवीत हात घालून बघतात. पिल्लाने आचळ धरलेलं असेल तर ते ओढून काढत नाहीत, कारण त्याने पिल्लाच्या तोंडाला इजा होते. आचळच कापून पिल्लासकट घेतात.

कापडी पिशवी इथे कामाला येते. आईच्या पोटातला अंधार, ऊब आणि चहूबाजूंनी होणारा स्पर्श या तीन गोष्टी पिल्लाला मिळाल्या नाहीत तर ते घाबरूनच खचतं. आत सुती पिशवी, बाहेर जाड उबदार पिशवी. आतली मळली की बदलायची. अंगावर केस नसलेल्या पिल्लासाठी पिशवीतलं तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या आसपास राखावं लागतं. गाईचं दूध चालत नाही. त्यातली दुग्धशर्करा या पिल्लांना पचत नाही, जुलाब लागतात, डोळ्यांत मोतीबिंदूही होतो. म्हणून पिल्लाच्या वयानुसार बदलत जाणारी, खास त्यांच्यासाठी बनवलेली दुधाची पावडर वापरतात. दूध पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पिल्लाचा मागचा भाग हलकेच पुसावा लागतो. आई चाटते तेव्हा त्याला लघवी-शी होते. ते चाटणं नसेल तर पिल्लू आपण होऊन करत नाही. व्हिडिओत हा भाग सहसा नसतो, पण रात्रीअपरात्री उठून करायचं मुख्य काम हेच.

आणि हे सगळं करायचं ते पिल्लू एक दिवस निघून जावं म्हणून. पिल्लांना एकेकटं न ठेवता जोडीने किंवा गटाने वाढवतात, म्हणजे ती माणसाला नव्हे तर एकमेकांना धरून राहतात. मोठी झाली की माणसाचा वावर कमी करत नेतात, आधी कुंपणाच्या आतल्या माळावर सोडतात, मग फाटक उघडं ठेवतात. जी परत जाऊ शकत नाहीत, ती आश्रयस्थानात कायमची राहतात आणि पाहुण्यांना बहुधा तीच दाखवतात. ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जजवळ अनाथ कांगारूंचं असंच एक प्रसिद्ध ठिकाण आहे. तिथे पाहुण्यांना आधी नाव नोंदवून संध्याकाळीच नेतात, कारण दिवसा ते प्राणी झोपलेले असतात. वेळ प्राण्यांच्या सोयीने ठरते, हे मला त्या व्यवस्थेत सगळ्यात आवडतं.

आपल्याकडे पोटाला पिशवी असलेला एकही रानटी प्राणी नाही. त्यामुळे भारतात कुणी वॉलबीचं किंवा कांगारूचं पिल्लू दाखवत असेल, तर ते कुठून आलं हा प्रश्न आधी विचारायचा. एप्रिल २०२२ मध्ये पश्चिम बंगालच्या जलपाईगुडी जिल्ह्यात चक्क रस्त्यावर कांगारू भटकताना सापडले. तस्करांनी ते वाटेत टाकून दिले असावेत, असं वनखात्याचं म्हणणं होतं. अंगावर जखमा होत्या आणि खायला न मिळाल्याने हाडं वर आली होती. वाचलेल्यांना सिलिगुडीच्या बंगाल सफारी पार्कमध्ये हलवलं. मुलीला हे सांगाच. गोंडस पिल्लाच्या व्हिडिओमागे कधीकधी पिल्लं विकणाऱ्यांचा बाजारही उभा असतो.

आता आपल्याकडचं. महाराष्ट्रात 'प्राण्यांचं अनाथालय' म्हटलं की पहिलं नाव हेमलकशाचं. गडचिरोली जिल्ह्यात भामरागड तालुक्यात बाबा आमट्यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे माडिया गोंड आदिवासींवर उपचार करायला तिथे कायमचे राहिले. प्राणी हा त्या कामाचा भागच नव्हता. जंगलातून जाताना प्रकाशभाऊंना शिकारीहून परतणारे काही माडिया भेटले. त्यांच्याकडे मारलेली माकडीण होती आणि तिचं पिल्लू मेलेल्या आईला बिलगून दूध पीत होतं. पिल्लाचं काय करणार, असं विचारल्यावर उत्तर आलं, खाणार. घरी पोरं उपाशी होती. प्रकाशभाऊंनी धान्य देऊन ते पिल्लू मागून घेतलं. पिल्लाचं नाव ठेवलं बबली. पुढे त्यांनी आसपासच्या पाड्यांत निरोप दिला, की शिकारीत पिल्लू हाती लागलं तर मारू नका, आम्हाला आणून द्या, आम्ही धान्य-कपडे देऊ.

या गोष्टीत मला पिल्लाइतकीच शिकार करणाऱ्याची बाजू महत्त्वाची वाटते. तो मौजेखातर मारत नव्हता. त्याला 'क्रूर' म्हणून मोकळं होता आलं असतं, पण त्याने भूक मिटली नसती आणि पिल्लूही वाचलं नसतं. शेती, दवाखाना, शाळा आणि प्राण्यांचं अनाथालय हेमलकशाला एकाच आवारात उभी राहिली ती यामुळे. बिबटे, अस्वलं, कोल्हे, हरणं, साळिंदर, मगरी, साप असे कितीतरी प्राणी तिथे आले आणि राहिले. विलास मनोहर यांचं 'नेगल' आणि खुद्द प्रकाशभाऊंचं 'रानमित्र' ही दोन्ही पुस्तकं या प्राण्यांवरच आहेत. मुलीला वाचून दाखवायला उत्तम. २००८ चा मॅगसेसे पुरस्कार आमटे दांपत्याला मिळाला तो माडियांमधल्या आरोग्य-शिक्षणाच्या कामासाठी. तरी लोकांच्या डोळ्यांपुढे येतं ते बनियन-हाफपँटमधल्या प्रकाशभाऊंच्या अंगाशी झोंबणाऱ्या बिबट्याचं छायाचित्र.

त्या छायाचित्राबद्दल मुलीशी जरूर बोला. ते नातं एका माणसाने एकेका पिल्लाला स्वतः वाढवून, ज्या काळात दुसरी कुठलीच सोय नव्हती त्या काळात जोडलेलं होतं. बिबट्याला कुरवाळता येतं, असा त्याचा अर्थ नाही. माणसाच्या हातून वाढलेलं मांसाहारी जनावर जंगलात सोडताही येत नाही. शिकार करायला आईने शिकवलेलं नसतं आणि माणसाची भीती उरलेली नसते, म्हणजे ते सरळ गावात येणार. हेमलकशाचे बिबटे पिंजऱ्यात आहेत ते या कारणाने.

म्हणूनच आज वनखातं आणि त्याच्याबरोबर काम करणाऱ्या संस्था पिल्लू अनाथालयात न्यायची वेळच येऊ नये, याच्यामागे असतात. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण जुन्नरला दिसतं. जुन्नर, आंबेगाव, शिरूर भागात बिबट्याच्या माद्या उसात वितात. दाट आडोसा, पाणी, आणि खायला कुत्री-डुकरं. नोव्हेंबरपासून तोड सुरू झाली की कोयता चालवता चालवता तोडकऱ्याला पाचटात दोन-तीन बछडे दिसतात. आई दिवसा जवळपास नसते, किंवा माणसांच्या गलक्याने बाजूला झालेली असते. बघणाऱ्याला वाटतं, सोडून गेली. तसं नसतं. ती रात्र पडायची वाट बघत असते.

अशा वेळी तोड थांबवतात. वनखात्याची माणसं आणि पशुवैद्यक येतात. हातमोजे घालूनच बछड्यांना उचलतात, नर-मादी बघतात, वजन घेतात, अंगावरच्या गोचिडी काढतात, पाणी कमी झालंय का ते तपासतात, ओळखीसाठी कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवतात. मग दिवस मावळताना, सापडले होते नेमक्या त्याच जागी, बछड्यांना प्लास्टिकच्या क्रेटमध्ये ठेवतात. आजूबाजूला आपोआप चित्रण करणारे कॅमेरे लावतात आणि सगळी माणसं लांब जातात. मादी येते, आधी भोवती फिरून अंदाज घेते, पंजाने क्रेट कलंडवते आणि एकेकाला मानेला धरून घेऊन जाते. दुसऱ्यासाठी परत येते. नाही आली तर पुढच्या रात्री पुन्हा तोच प्रयत्न. या पद्धतीने शंभराहून जास्त बछडे आईकडे परत गेले आहेत. गावालाही यात फायदा आहे. पिल्लं हरवलेली मादी बिथरते, त्याच शिवारात फिरत राहते. पिल्लं मिळाली की ती त्यांना घेऊन दुसरीकडे जाते. हे पटल्यामुळे आता शेतकरी स्वतः फोन करतात आणि एक दिवसाची तोड पुढे ढकलतात. ऊस वेळेत कारखान्याला घालायची घाई ज्याने बघितली आहे, त्याला तो एक दिवस किती मोठा आहे ते कळेल.

आई आलीच नाही, किंवा ती गाडीखाली वा विहिरीत पडून मेली, तर मात्र बछडे जुन्नरजवळच्या माणिकडोहच्या बिबट निवारा केंद्रात जातात आणि बहुधा जन्मभर तिथेच राहतात. आईजवळ असते तर दीड-दोन वर्षांत तिने त्यांना शिकार शिकवली असती. आपण कितीही माया केली तरी ते आपल्याला शिकवता येत नाही. माणिकडोह हे पर्यटनस्थळ नाही. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातलं बिबट्यांचं बचाव केंद्रही तसंच. कात्रजचं प्राणी अनाथालय सर्पोद्यान आणि प्राणिसंग्रहालयाच्या आवारातच आहे. तिथे गेलात तर प्राणिसंग्रहालय जरूर बघा, पण उपचाराला आलेल्या जनावरांना बघायचा आग्रह धरू नका. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचं उपचार केंद्र आहे. तिथे येणारा प्राणी बरा होऊन परत रानात जावा म्हणून आलेला असतो. शेजारी रोज पन्नास पोरं ओरडत उभी राहिली, तर तो एकतर घाबरून खाणं सोडतो किंवा माणसाला सरावतो. दोन्हीत त्याचं परत जाणं संपतं.

हे फार लांबचं वाटू नये म्हणून तुमच्या भागाबद्दल थोडं. शीळफाटा म्हटलं की आपल्याला कंटेनरच्या रांगा आणि कोंडी आठवते. पण तुमच्या एका बाजूला पारसिकचा डोंगर आहे, पलीकडे ठाण्याची खाडी, आणि कल्याणच्या अंगाला मलंगगडाची रांग. मुंबईहून येणाऱ्या बुलेट ट्रेनचा २१ किलोमीटरचा बोगदा खाडीखालून येऊन तुमच्याकडेच बाहेर पडतो, इतका हा भाग झपाट्याने बदलतो आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये कल्याण पूर्वेला बिबट्या थेट रहिवासी इमारतीत शिरला होता आणि त्याला बेशुद्ध करून बाहेर काढायला बोरिवलीच्या उद्यानातून पथक आलं होतं, ते तुमच्या लक्षात असेल. उदमांजर, कोल्हा यांना रस्ता ओलांडायचा तो बहुधा रात्रीच. वॉलबीच्या आईसारखीच आपल्याकडच्या आयाही गाडीखाली येतात. फक्त त्यांची पिल्लं पोटाच्या पिशवीत नसतात. ती कुठल्या ढोलीत, कुठल्या पाइपात आहेत हे कुणाला कळतही नाही.

आता तुमच्या खारींविषयी. तुम्ही त्यांना उचललंत, घरात नेलंत, दूध पाजलंत, ते कळकळीनेच. मन लावून घेऊ नका. पुढच्या वेळेसाठी मात्र तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली गोष्ट ऊब. केस न फुटलेलं पिल्लू स्वतःचं अंग गरम ठेवू शकत नाही. गार पडलेल्या पिल्लाच्या पोटात काहीही घातलं तरी ते पचत नाही. म्हणून आधी मऊ कापडात गुंडाळून, कोमट पाण्याची बाटली फडक्यात बांधून शेजारी ठेवायची. अंग नीट गरम होईपर्यंत तोंडात थेंबही घालायचा नाही.

दुसरी दुधाची. गाई-म्हशीच्या दुधाने यांनाही जुलाब होतात आणि एवढ्याशा जीवाला एका दिवसाचे जुलाबही पुरेसे असतात. ड्रॉपरने घाईघाईत पाजलं तर दूध श्वासनलिकेत जातं. नाकातून बुडबुडे येताना दिसले का? तसं झालं असेल तर दूध फुप्फुसात गेलं होतं. पिल्लं दगावण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

तिसरी गोष्ट मी पहिली सांगायला हवी होती, इतकी महत्त्वाची आहे. ती पिल्लं बहुधा अनाथ नव्हती. खार एकाच घरट्यावर अवलंबून नसते, आणि घरटं मोडलं तर पिल्लांना तोंडात धरून दुसरीकडे नेते. जखम नसेल तर एखाद्या उघड्या खोक्यात फडकं घालून, पिल्लांना उबेसह त्याच झाडावर किंवा शेजारच्या झाडावर मांजर पोचणार नाही असं बांधायचं, करवतवाल्यांना थांबवायचं आणि आपण लांब व्हायचं. खार दिवसा वावरते, त्यामुळे अंधार पडेपर्यंत वाट बघायची. तोवर आई आली नाही तर १९२६ हा वनखात्याचा टोल फ्री क्रमांक आहे, तिथे कळवायचं. ते तुमच्या भागातल्या वनकर्मचाऱ्यांशी किंवा प्राणिमित्रांशी जोडून देतात. रानातलं पिल्लू घरी पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. पोपटालाही तो लागू आहे.

पक्ष्यांच्या पिल्लांचंही असंच. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, ही आपल्याकडे घरोघरी असलेली समजूत चुकीची आहे. घरट्यातून पडलेलं पिल्लू खुशाल उचलून परत ठेवा. पिसं फुटलेलं, जमिनीवर टुणटुण उड्या मारणारं कावळ्याचं किंवा साळुंकीचं पिल्लू मात्र पडलेलं नसतं. ते उडायला शिकत असतं आणि आईबाप वरून बघत असतात.

फांद्यांचं काम सोसायटीच्या सभेत जरूर काढा. झाड तोडायला किंवा मोठी छाटणी करायला १९७५ च्या झाडांच्या कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. ती तुमच्या सोसायटीने घेतली होती का ते विचारा. पावसाळ्यापूर्वीची छाटणी आपण एप्रिल-मेमध्ये उरकतो, आणि कावळ्यापासून अनेक पक्ष्यांची वीण नेमकी तेव्हाच असते. छाटणी हिवाळ्याच्या सुरुवातीला घेतली, आणि करवत लावण्याआधी एका माणसाने वर चढून घरटी बघितली, तर बरीच पिल्लं पडायचीच नाहीत.

राहता राहिला मुलीचा 'कधी जायचं' हा प्रश्न. हेमलकशाला जा. विदर्भ एक्स्प्रेस कल्याणला थांबते. नागपूरला उतरून चंद्रपूर-आलापल्लीमार्गे पुढचा प्रवास रस्त्याने, आणि तो चांगलाच लांब आहे, त्यामुळे एका दिवसात जाऊन यायचा बेत करू नका. पावसाळा टाळा. पूर आला की त्या भागाचा संपर्क तुटतो. हिवाळा उत्तम. प्रकल्पाला आधी कळवूनच जा, कारण ते आधी दवाखाना आणि शाळा आहेत, प्राणी त्यानंतर. तिथे माडिया मुलांची निवासी शाळा आहे, मुलीला तीही दाखवा. त्या मुलांपैकी काहींच्या आजोबा-पणजोबांनीच अशी पिल्लं आणून दिली असतील. प्राण्यांसाठी बिस्किटं, केळी, पाव काहीही नेऊ नका. तशा खाण्याने त्यांची पोटं आणि दात बिघडतात. काही द्यायचंच असेल तर कार्यालयात पावती फाडा.